पितळी टोपावरची घोरपड

काळी चौकट, मधे फोटो, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' असं दिसलं की वाचणारा माणूस आधी खिशातला रुमाल चाचपतो. मंडळी, रुमाल आत ठेवा. मी मिमिक्रीवाला आहे. हळदीच्या कार्यक्रमात कोंबडा, बोकड आणि सासू एकाच माईकवर काढणारा. आता तुम्हाला वाटलं असेल, मग हा हसवणार. तेही नाही. 'त्यांच्या जाण्यानं पोकळी निर्माण झाली' हे वाक्य मी स्टेजवर इतक्या पुढाऱ्यांच्या आवाजात म्हणून टाळ्या घेतल्यात, की आता ते मला खरं म्हणून म्हणताच येत नाही. जन्म कधी, शिक्षण किती, मागं परिवार काय, ते सगळं चौकातल्या फ्लेक्सवर आहे. तिथं वाचा. मला तात्यांशी बोलायचंय. तुम्ही शेजारी बसून ऐकलंत तरी चालंल.

तर तात्या.

फ्लेक्सवर तुमचा आधार कार्डावरचा फोटो लावलाय. संशयावरून धरून आणल्यासारखे दिसता. मी तुमच्या पोराला, विलासदादाला म्हणलं, अरे, तात्यांचा टोप घातलेला फोटो लाव की. तर दादा म्हणला, "फ्लेक्सवाला म्हणतो टोपामुळं चेहरा ओळखू येत नाही." तुम्ही असता तर म्हणला असता, "टोप काडल्यावर मला वळखनार कोन?" हे मी तिथल्या तिथं तुमच्या आवाजात म्हणणार होतो. ओठापर्यंत आलतं. गिळलं. हल्ली लई गिळायला लागतंय.

वाचणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो. तात्या बंबावर होते, म्हणजे आग विझवायच्या गाडीवर. रिटायर झाल्यावर नगरजवळ नागापूरला, एमआयडीसीच्या अंगाला, आमच्या गल्लीच्या टोकाला घर बांधून राहिले. मूळचे जामखेडकडचे. बाकीची माणसं रिटायर झाली की देवदेव करतात, तात्यांनी भंगारवाले पालथे घातले आणि बंबवाल्यांचे जुने टोप गोळा केले. त्याला हेल्मेट म्हणलेलं त्यांना खपायचं नाही. "हेल्मेट मोटरसायकलवाल्याचं. पोलिसानं धरू न्हाई म्हनून घालत्यात. ह्यो टोप हाय."

तात्या, आपली ओळख कशी झाली ते आठवतं का? बारावीत माझी विकेट गेलती आणि मी गल्लीत आवाज काढत हिंडत होतो. तुम्ही रिटायर बंबवाले आहात हे कळल्यावर माझ्यातला किडा वळवळला. तुमच्या भिंतीमागं उभा राहिलो आणि तोंडानं बंबाची घंटा वाजवली. तुम्ही अनवाणी, बनियनवर, एका हातात टोप घेऊन पळत बाहेर आलात. मला वाटलं, आता कानाखाली आवाज निघणार. तुम्ही गल्लीत इकडं तिकडं बघितलं, मला बघितलं, आणि दम खात म्हणलात, "भडव्या, घंटा अशी वाजती व्हय? ही रिकाम्या बंबाची झाली. भरलेल्या बंबाची घंटा दाबून वाजती. पानी असतं ना पोटात. पुन्ना काड."

मी पुन्हा काढली. तुम्ही डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली. "आता जरा वळनावर घे." मी वळणावर घेतली. आतून काकू ओरडल्या, "अवं, कुटं लागलीय आग?" तुम्ही म्हणलात, "ह्या पोराच्या तोंडात."

माझ्या बापानं माझ्या आवाजांना 'माकडचेष्टा' म्हणलतं, शाळेत सरांनी 'वात्रटपणा' म्हणलतं. तुम्ही पहिले, ज्यांनी त्यात काय चुकलंय ते सांगितलं. चुकलंय सांगणारा माणूस म्हणजे ते मनावर घेणारा माणूस. हे तुम्हाला कधी बोललो नाही. आभाराचं भाषण मी मंत्र्याच्या आवाजात करू शकतो, माझ्या आवाजात घसा बसतो.

मग आपली जोडी जमली. शाळा, कंपन्या, सुरक्षा सप्ताह. तुम्ही टोप दाखवणार, मी आवाज काढणार. तुमच्या स्कूटीवर पुढं टोपांची पिशवी, मागं मी, आणि माझ्या मांडीवर अजून एक पिशवी. पारनेरच्या शाळेत गेलतो तेव्हा वाटेत एक म्हातारी म्हणली, "कल्हई करता का रं बाबांनो?" तुम्ही स्कूटी थांबवून तिला सगळा इतिहास सांगितला. ती ऐकून म्हणली, "म्हंजे कल्हई न्हाई करत."

तुमचं ते भाषण मला पाठ आहे. स्वप्नात पण म्हणतो. "पोरांनो, टोप म्हंजे काय? टोप म्हंजे घर. डोक्यावरचं कौलारू घर. ह्ये मधनं उभं उठलंय ना, ते आढं. वरनं वासा पडला, कौल पडलं, तर आढ्यावर आपटून बाजूला सरकतं, टाळूत बसत न्हाई. आन ही मागं झालर वाकलीय, ही वळचन. वरनं पडलेलं गरम पानी मानंत न जाता भाईर गळतं." मग तुम्ही तांब्यानं खरंच पाणी ओतायचा आणि मी माझ्या तोंडानं पागोळ्या गाळायचो. पोरं खूष.

मग दुसरा टोप. मिशन कंपाउंडातल्या एका रिटायर मास्तरांनी दिलेला, काळा, चामड्याचा. त्यांच्या आजोबांना कुठल्याशा अमेरिकन साहेबानं दिलता म्हणे. चामड्याच्या पाकळ्या एकमेकींना शिवलेल्या, कलिंगडाच्या फोडी जोडल्यासारख्या, आणि मागं ही लांब शेपूट. तुम्ही सांगायचा, धग लई झाली की तिथले बंबवाले टोप उलटा फिरवतात, शेपूट तोंडासमोर घेतात. मी म्हणायचो, "आमच्या गल्लीतली सगळी पोरं टोपी उलटीच घालतात, तात्या. सगळी अमेरिकन." तुम्ही हसायचा नाही. तुमचं न हसणं बघून पोरं जास्त हसायची. ते तुम्ही मुद्दाम करायचा, हे मला लई उशिरा कळलं.

सगळ्यात शेवटी पितळी टोप. तो तुम्ही पिशवीतून एकदम काढायचा नाही. आधी फडकं, मग फडक्यातनं चकाकी. चिंच आणि राखेनं घासलेला. पुढं दोन कुऱ्हाडींचा बिल्ला, हनुवटीला पितळी साखळी, आणि वर आढ्यावर, दोन्ही अंगांनी, जाळ ओकणारं जनावर. तुम्ही म्हणायचा, "पॅरिसच्या बंबवाल्यांचा टोप विलायतेच्या सायबानं बघितला. त्याला आवडला. त्यानं तिकडं न्हेला, तिकडनं आपल्याकडं मुंबई-कलकत्त्याला आला. धुरात मानूस दिसत न्हाई, पर पितळ दिसतं. एकमेकाला सापडायला ही चमक. आन ह्यो राक्षस आगीचा. आगच डोक्यावर बसवली, मंग भाईरच्या आगीला कोन भितंय?" मग आवाज खाली आणायचा. "पर तारंतली वीज आली, आन पितळ गेलं. लोंबत्या तारंला टोप लागला की आतला मानूस खलास. चमकनारा पाहुना घरात ठेवता येत न्हाई." आणि मग तुम्ही तुमचा स्वतःचा पिवळा टोप काढायचा. बंबावर असताना घातलेला. एका बाजूनं वितळून गालासारखा लोंबलेला. त्याच्याबद्दल तुम्ही एक शब्द सांगायचा नाही. नुसता हातात धरायचा. त्या वेळी मला आवाज काढायची परवानगी नव्हती.

आता भांडणाचं काढतो. काढायलाच पाहिजे, ते अर्धं राहिलंय.

त्या जनावरावरनं आपलं आधीपासून चाललतं. मी म्हणायचो, तात्या, हा ड्रॅगन नाही, ही घोरपड आहे. खरंच होती. पंख नाहीत, पाय आखूड, पोट सुटलेलं, तोंडातून जाळ निघतोय का सर्दी झालीय तेच कळत नव्हतं. तुम्ही म्हणायचा, "तू विलायत बघितलीय का?" मी म्हणायचो, "तुम्ही बघितलीय का?" तुम्ही म्हणायचा, "टोप बघितलाय की." मग एकदा मी मोबाईलवर जुन्या विलायती टोपांचे फोटो काढून दाखवले. खवलं, पंख, शेपटीचं वेटोळं, सगळं कोरीव. तुमच्या टोपावर ते नव्हतं. खाली एका ठिकाणी लिहिलतं की असले टोप शोभेसाठी आपल्याकडं नवे पण बनवतात. मी तुम्हाला वाचून दाखवलं. तुम्ही चष्मा पुसला आणि म्हणलात, "ह्यो टोप जुन्या कापडगिरनीच्या बंबावरचा हाय. आढ्यापास्नं बक्कलापत्तुर वरिजनल. पुन्ना काडू नको ह्यो इषय."

विषय मी काढला नाही तात्या. मी त्याचा आयटम केला.

एमआयडीसीतल्या एका कंपनीत सुरक्षा सप्ताह होता. शेडमधे कामगार खाली बसलते, साहेब लोक खुर्चीवर. जेवणाची सुट्टी व्हायला आलती, माणसं कंटाळलती. तुमचं भाषण लांबलं. तुम्ही पितळी टोप फडक्यातनं काढला, वर धरला, आणि कोणी टाळी वाजवली नाही. मला ते सहन झालं नाही, असं मी स्वतःला सांगतो. खरं सांगायचं तर मला माईक दिसला. मी तो घेतला आणि तुमच्या आवाजात, त्या धुरानं खाल्लेल्या, पत्र्यावरनं पोतं ओढल्यासारख्या आवाजात सुरू झालो. "पोरांनो, ह्यो टोप लई जुना. माज्या पंज्याच्या टायमाचा. कालच कुरियरनं आला! वर बसलीय ती विलायतेची रानी न्हाई, आमच्या जामखेडची घोरपड हाय. तिला सर्दी झाली म्हनून शेक घेतीय!"

शेड दणाणली. शिट्ट्या आल्या. साहेब खुर्चीवर मागं रेलून हसला. मी वळून बघितलं तर तुम्ही पण हसत होता. पण तुमचं ते ठरवून न हसणं मला माहीत होतं तात्या, तसं हे ठरवून हसणं होतं. तुम्ही टोप खाली घेतला. फडक्यात गुंडाळला. साखळी आत घातली, तिचा आवाज होऊ नये म्हणून हातानं धरून. पिवळा टोप त्या दिवशी पिशवीतून निघालाच नाही.

स्कूटीवर मी मागं बसून दोनचार जोक टाकले, ते वाऱ्यावर गेले. माझ्या घरासमोर मला उतरवलं आणि पुढं बघतच म्हणलात, "आवाज चांगला काडतो तू. माज्यापेक्षा बरा."

याच्यापेक्षा तुम्ही पायातली चप्पल काढली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी गल्लीच्या टोकाला, तुमच्या घराकडं गेलो नाही. दुकानाला जायचं तर उलट्या बाजूनं वळसा घालून. तुमचा फोन आला, उचलला नाही. काकूंनी निरोप पाठवला, "संत्याला म्हनावं, येऊन जा, त्यांला टोपाचं काय बोलायचंय." मला वाटलं, झापणार. मी तयार नव्हतो. एकदा परत तुमचा फोन आला. मित्र शेजारी होते. मी फोन उचलला आणि ती फोनमधली बाई असते ना, गोड आवाजाची, तिच्या आवाजात म्हणलं, "आपण ज्या व्यक्तीशी संपर्क करू इच्छिता, ती व्यक्ती सध्या दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहे. कृपया थोड्या वेळानं प्रयत्न करा."

तुम्ही सगळं ऐकून घेतलं. मधे कापलं नाही. मग म्हणलात, "बरं ताई. मंग नंतर लावतो."

मित्र गडाबडा लोळले. मी पण हसलो.

नंतर तुम्ही लावला नाही. नंतर विलासदादाचाच आला.

तुम्ही मला ओळखलं होतं का, हे मला कळणार नाही. तुम्ही दोन घंटांमधला फरक ओळखणारे. माझा आवाज ओळखला नसेल असं कसं म्हणू? आणि ओळखला असेल तर 'ताई' का म्हणलात? माझी लाज ठेवायला? आपलं शेवटचं बोलणं हे असं. तुम्ही एका मशीनशी नीट बोललात, आणि ते मशीन मी होतो. हे मी काकूंनाही सांगितलेलं नाही. त्यांना ते इथंच वाचून कळेल. मग परत जे काही व्हायचंय ते होईल.

तुमचा दहावा सीना नदीच्या काठी झाला. माणूस मावत नव्हतं. बंबावरचे तुमचे जुने सोबती आलते, भंगारवाले आलते, मिशन कंपाउंडातले मास्तर आलते. प्रवचन झालं. मग आपल्याकडं असतात तशी पुढाऱ्यांची भाषणं. तुमच्या नावात एकानं चूक केली, दुसऱ्यानं तुम्हाला 'आदर्श शिक्षक' केलं. मला आतून हसण्याच्या उकळ्या फुटत होत्या, आणि ते सांगायला तुम्ही नव्हता.

मग पिंड ठेवला. सगळी मागं सरली. कावळे होते, तारेवर ओळीनं बसलते. एकही खाली येईना.

सुरुवातीला सगळे वर तारेकडं बघत राहिले. मग कुजबूज सुरू झाली, काहीतरी राहिलंय म्हाताऱ्याचं. विलासदादा पुढं आला, हात जोडले, म्हणला, "तात्या, आईला मी संभाळीन. काळजी करू नका." कावळे बसलेले. तुमचे मेव्हणे म्हणले, "दाजी, घराचं राहिलेलं काम पुरं करू." काही नाही. नगरसेवक म्हणले, "तात्या, चौकाला तुमचं नाव देऊ." एक कावळा उडाला, तो पार लांब गेला. मागून कोणतरी म्हणलं, "बघा, त्यांचा बी इश्वास न्हाई." विलासदादाला कोणी सुचवलं, टोपाचं बोल, टोपाचं. दादा म्हणला, "तात्या, टोप एकबी देणार नाही कुणाला. भिंतीवर हायेत तसे राहतील." तारेवरच्या एकानं मान वाकडी केली. सगळ्यांनी श्वास धरला. त्यानं मान परत सरळ केली.

ऊन वर आलं. मांडवात जेवणं थांबलेली, काहींची दुपारची पाळी होती, घड्याळं बघायला लागले. गुरुजी म्हणले, "दर्भाचा कावळा करू या आता. शास्त्रात चालतं." आणि त्यांनी गवत वळायला घेतलं. काकू तिथं पुढंच बसल्या होत्या. त्या म्हणल्या, "थांबा वं जरा. त्यांचं काय ऱ्हायलंय ते कळू द्या. गवताचा कावळा काय सांगनार मला?"

मला कळलतं काय राहिलंय. त्या सगळ्या गर्दीत मला एकट्याला. तुमचं माझ्याशी बोलायचं राहिलतं आणि माझं तुमच्याशी. चार पावलं पुढं जायचं, हात जोडायचे आणि म्हणायचं, तात्या, चुकलो, चारचौघांत तुमची टोपी उडवली, माफ करा. बस. मी हजार माणसांपुढं बोकड होऊन बें बें केलंय. मला ती चार पावलं जमली नाहीत. सगळे बघतील, का म्हणून विचारतील, मग ते शेडमधलं सांगावं लागेल, मग फोनचं निघेल. माझे पाय उलटे फिरले.

काठाला वेडी बाभळ माजलीय, तिच्यामागं पाण्याच्या मोटारीची खोली. मी तिच्या आडोशाला गेलो.

तुम्ही रोज सकाळी कंपाउंडच्या भिंतीवर कावळ्यांना भाकरी टाकायचा. ड्युटीवर हजेरी घेतल्यासारखं ओरडायचा, "या रं गड्यांनो, हजर व्हा!" तेवढ्यात काकू आतून ताजी भाकरी घेऊन यायच्या, "आले, आले," म्हणत. रोजचं. आपल्या गल्लीतले कावळे आणि नदीवरचे कावळे एकच. मी आडोशाला उभा राहिलो, घशात तुमचा धूर भरला आणि ओरडलो,

"या रं गड्यांनो, हजर व्हा!"

तारेवरून सगळी ओळ खाली आली तात्या. पिंडावर तुटून पडले.

लोकांनी हात जोडले. कोणी 'आला, आला' केलं, कोणी डोळे पुसले. नगरसेवक म्हणले, बघा, चौकाचं ऐकलं. एवढा गलका होता की आवाज कुठून आला हे निम्म्यांना कळलंच नाही. मी बाभळीच्या फटीतून बघत होतो. आणि मला काकू दिसल्या. त्या उठून उभ्या राहिल्या होत्या. पदर खोचला होता, भाकरीचं टोपलं उचलताना खोचतात तसा. हात पुढं करून, घाईनं, म्हणत होत्या, "आले, आले."

मग त्या तशाच थांबल्या. हाताकडं बघितलं. आणि शेजारच्या बाईनं त्यांना धरून खाली बसवलं.

मला वाटलतं तुम्हाला मोकळं केलं. घरी येईपर्यंत मी हेच घोकत होतो. पण खरं काय केलं ते सांगू? तुम्ही तिकडं रुसून बसला होतात ते हक्कानं बसला होतात. तेवढंच तुमच्या हातात उरलतं, न येणं. तेही मी तुमच्याच आवाजात काढून घेतलं. शेडमधे एकदा, सीनेवर एकदा. फोनवर तर मी तुम्हाला माझा आवाजसुद्धा दिला नाही.

जेवणं उरकल्यावर, पाहुणे पांगल्यावर, काकूंनी मला आत बोलावलं. टोप भिंतीवर खिळ्यांना होते. काकूंनी पितळी टोप काढला, माझ्या मांडीवर आपटला म्हणावा असा ठेवला.

"बग आतनं."

मी आत बघितलं. घुमट जुना होता, तात्या. पोचे आलेला, आतून काळा पडलेला, घामानं खाल्लेली चामड्याची पट्टी. आणि आढ्याच्या खाली, जिथं ते घुमटाला जोडलंय तिथं, डाक देऊन जोडलेला नवा सांधा. चकचकीत.

"भंगारवाल्यानं वरचं आढं आधीच मोडून इकलं हुतं," काकू म्हणल्या. "ह्यांला बोडका टोप बगवंना. नगरात तांबटाकडं गेले. त्येला सांगितलं, पालीसारखं जनावर कर, पर मोठ्ठं, आन तोंडातनं जाळ. त्या बिचाऱ्यानं कदी बघितलंय व्हय तसलं? त्यानं घोरपड केली. ह्ये घिऊन आले आन मला म्हनले, कुनाला सांगू नको. मंग वरिजनल, वरिजनल करत सुटले."

मी हसलो का रडलो मला माहीत नाही.

"तुझं त्ये कंपनीतलं झालं ना, घरी आले तर जेवले न्हाईत. दुसऱ्या दिवशी मला म्हनले, पोरगं खरं बोललं. आता पोरांम्होरं खरं सांगून टाकायचं, टोप जुना, घोरपड आपली. पर मला हासवत सांगता येत न्हाई, संत्याला येतं. त्येला इचारतो कसं सांगू. म्हनून बोलवत हुते तुला, गाढवा. झापायला न्हाई."

मी म्हणलं, "काकू..."

"काकू काय? मगाशी बाभळीमागं मेला हुतास तवा न्हाई आठवली काकू? मला वाटलं ते आले. मी येडी उठले. चारचौघांत उठले. त्याचं मला काय न्हाई. चाळीस वर्सं उठतच आले, अजून एकदा उठले. पर ते थांबले हुते रं! मी तिथं बसून बगत हुते, इलासचं ऐकलं न्हाई, भावाचं ऐकलं न्हाई. मला कळलं, ह्ये कुनाचीतरी वाट बगत्यात. मी गुरुजीला थांबीवलं कशापायी? आन तू काय केलंस? त्यांचीच हाळी घालून त्यांलाच गप केलंस. आता मी कुनाला इचारू, ते निवले का न्हाई?"

मी खाली बघत होतो.

"वर बग. आख्ख्या नागापूरची तोंडं हायेत तुज्याजवळ. फुडाऱ्याचं हाय, बोकडाचं हाय, माज्या मान्साचं हाय. चुकलो म्हनायला एक न्हाई? तेवडं तोंड इसरून आलास व्हय आईच्या पोटात? आन आता रडू नको. रडून सुटायचं न्हाई. हितं बस, ह्या भिंतीम्होरं, आन काय बोलायचं हुतं ते बोल त्यांच्याशी. मोठ्यानं बोल, मी चुलीम्होरनं ऐकनार हाय. आन परत त्यांच्या आवाजात बोललास ना संत्या, तर ह्योच टोप घालीन डोस्क्यात, आढ्याच्या बाजूनं."